संसार मांडायला गव्हर्नरची परवानगी: ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या आयरिश कैद्यांची लग्नं

१८०६ साली सिडनीजवळच्या पॅरामॅटातल्या सॅम्युअल मार्सडन नावाच्या पाद्रीने न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीतल्या बायकांची एक यादी तयार केली. हा माणूस अँग्लिकन चर्चचा, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रोटेस्टंट चर्चचा धर्मगुरू होता, मॅजिस्ट्रेट होता आणि मोठा जमीनदारही होता. त्याच्या यादीत १,४३० बायका होत्या आणि त्यांचे त्याने दोनच भाग केले होते: विवाहित आणि रखेल. विवाहित ३९५, रखेल १,०३५.

ही यादी लंडनपर्यंत पोचली आणि तिथल्या लोकांची खात्रीच पटली की न्यू साउथ वेल्समधल्या कैदी बायका म्हणजे सगळा बाजारच आहे. हा समज पुढची शंभर-दीडशे वर्षं टिकला. पण मार्सडनने मोजलं काय होतं, ते नीट पाहायला हवं. अँग्लिकन चर्चमध्ये, अँग्लिकन पाद्रीसमोर लागलेलं लग्न तेवढंच त्याच्या लेखी लग्न. एखादी कॅथलिक आयरिश बाई दहा वर्षं एकाच पुरुषाबरोबर राहत असेल, त्याची चार पोरं वाढवत असेल, शेत राखत असेल, तरी तिची रवानगी दुसऱ्या भागात. ज्यू बायकांचंही तेच.

या कैद्यांच्या संसारांबद्दल वाचताना मला वारंवार हेच दिसतं. लग्न झालं की नाही, कुणाचं कुणाशी होऊ शकतं, कुठलं लग्न खरं आणि कुठलं नाही, हे ठरवण्याचा अधिकार नवरा-बायकोकडे नव्हताच. तो दफ्तराकडे होता. आणि या माणसांनी जे काही केलं, ते त्या दफ्तराला वळसे घालून केलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ब्रिटनला कैदी पाठवायला नवी जागा हवी होती. जानेवारी १७८८ मध्ये अकरा जहाजांचा पहिला ताफा सिडनीला पोचला. थेट आयर्लंडहून कैदी घेऊन आलेलं पहिलं जहाज ‘क्वीन’. ते कॉर्कहून निघालं आणि १७९१ च्या सप्टेंबरात सिडनीला लागलं. १८६८ पर्यंत ब्रिटनने ऑस्ट्रेलियात एक लाख साठ हजारांहून जास्त कैदी पाठवले. त्यांतले सुमारे चाळीस हजार थेट आयर्लंडमधून आले. इंग्लंडमध्ये पोटापाण्यासाठी गेलेले आणि तिथेच शिक्षा झालेले आयरिश लोक वेगळे.

आयरिश कैदी म्हटलं की बंडखोर डोळ्यांसमोर येतात. तसे होतेही. इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या आयरिश उठावातले होते, जमीनदारांविरुद्ध रात्री-अपरात्री चाल करून जाणाऱ्या गुप्त शेतकरी संघटनांचे होते, १८४८ चे तरुण क्रांतिकारक होते. पण बहुतेकांचे गुन्हे साधेच: कपडे, मेंढरू, गाय, भांडी, थोडे पैसे. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तर काही बायकांनी मुद्दाम आग लावली आणि न्यायाधीशाकडे स्वतःहून हद्दपारी मागितली. मायदेशी उपाशी मरण्यापेक्षा बोटीवर निदान जेवण तरी मिळेल, हा त्यामागचा हिशोब.

शिक्षा सात वर्षांची, चौदा वर्षांची किंवा जन्मभराची. सात वर्षं म्हटलं तरी परतीचं भाडं सरकार देत नसे, त्यामुळे गरिबाला सात वर्षं आणि जन्मठेप यांत फारसा फरक नव्हता. परत जाणारे अगदी थोडे. म्हणून कॉर्कच्या धक्क्यावर एखादा पुरुष बायकोचा निरोप घेत असे, तेव्हा ते लग्न कागदावर तसंच राहायचं आणि व्यवहारात तिथेच संपायचं. सगळ्या गुंत्याची सुरुवात इथे आहे.

जहाजातून उतरल्यावर कैदी तुरुंगात बसून राहत नसत. त्यांना सरकारी कामावर धाडत किंवा एखाद्या जमीनदाराकडे, दुकानदाराकडे बिनपगारी कामाला लावून देत. ठरावीक वर्षं नीट काम केलं तर ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळे: ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःची मजुरी स्वतः कमवायचा परवाना. सात वर्षांच्या शिक्षेला साधारण चार वर्षांनी, चौदाला सहा वर्षांनी, जन्मठेपेला आठ वर्षांनी. मालकाने एक वाईट शेरा मारला की हे सगळं लांबणीवर.

अंदमानच्या काळ्या पाण्याबद्दल वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि तो योगायोग नाही. १८५८ नंतर अंदमानात कैदी वसाहत उभी करताना इंग्रजांनी हाच आराखडा वापरला. तिकीट तेच, चांगल्या वागणुकीची बढती तीच. तिथेही ठरावीक वर्षं भरलेल्या कैद्याला सरकारी परवानगीने बायकांच्या तुरुंगातून बायको निवडता येत असे.

ऑस्ट्रेलियात लग्न हे सरकारच्या हातातलं बक्षीसही होतं आणि हत्यारही. पुरुष खूप आणि बायका कमी. एकूण कैद्यांत बायका जेमतेम पंचवीस हजार, म्हणजे पाच-साडेपाच पुरुषांमागे एक. आयरिश लोकांत हे प्रमाण बरं होतं, कारण थेट आयर्लंडहून आलेल्यांत जवळजवळ नऊ हजार बायका होत्या. तरीही शेकडो मैल आतल्या कुरणांवर मेंढ्या राखणाऱ्या गड्याला आयुष्यात लग्नाची संधी मिळेलच असं नव्हतं. बायको-पोरं असलेला माणूस पळून जात नाही, दारू कमी पितो, जमीन कसतो, असा गव्हर्नरांचा विचार. म्हणून लग्नाला उत्तेजन होतं. पण परवानगीशिवाय नाही.

परवानगीची रीत अशी. कैदी पाद्रीकडे जायचा, पाद्री अर्ज वर पाठवायचा. अर्जाच्या नोंदवहीत एका ओळीत दोन माणसं असत: वराचं नाव, वय, कुठल्या जहाजाने आला, शिक्षा किती, सध्या बंदी की मोकळा, मग वधूचं तेच सगळं, मग पाद्रीचं नाव, आणि शेवटी मंजूर की नामंजूर. नामंजुरीची कारणं कधी कधी शेजारीच लिहिलेली आढळतात. शिक्षा पुरेशी भोगून झालेली नाही, वागणूक बरी नाही, आणि सर्वांत जास्त डोळ्यांत भरणारं: ‘आलेल्या जहाजाच्या कागदांत विवाहित म्हणून नोंद.’

बायकांच्या बाजूने पाहायचं तर पॅरामॅटाच्या ‘फीमेल फॅक्टरी’कडे जावं लागतं. सिडनीपासून पंधरा मैलांवरची ही जागा कारखाना, तुरुंग, प्रसूतिगृह आणि वधूवर सूचक मंडळ, सगळं एकात होती. कैदी असलेल्याच एका वास्तुविशारदाने, फ्रान्सिस ग्रीनवेने, तिची नवी इमारत आखली आणि १८२१ मध्ये बायका तिथे राहायला गेल्या. कामाला न लावलेल्या, मालकाने परत पाठवलेल्या, गरोदर राहिलेल्या, पुन्हा गुन्हा केलेल्या बायका इथे येत. लोकर पिंजणं, कातणं, जाडंभरडं कापड विणणं, धुणी धुणं ही कामं. बायकांचे तीन वर्ग पाडलेले. पहिल्या वर्गातलीला बाहेर कामाला जाता येई, लग्न करता येई. तिसऱ्या वर्गातलीचे केस कापत, आणि त्या काळच्या बाईला ती शिक्षा फटक्यांपेक्षा जास्त लागायची. १८२७ मध्ये जेवणाचा शिधा कापला, तेव्हा या बायकांनी फाटक फोडलं, गावात शिरून पाव मिळवला, आणि त्यांना आवरायला सैनिक बोलवावे लागले.

लग्नासाठी पुरुष इथे यायचा तो मॅजिस्ट्रेटचा किंवा पाद्रीचा दाखला घेऊन. मेट्रन लग्नाला तयार असलेल्या बायकांना रांगेत उभं करायची. तो रांगेवरून चालत जायचा. त्या काळच्या वर्णनांत असंही येतं की पसंत पडलेल्या बाईपुढे तो रुमाल टाकायचा आणि तिने उचलला तर होकार. हे वाचून आपल्याला गुरांचा बाजार आठवतो, आणि त्या काळच्या अनेक लेखकांनीही हा प्रकार हसण्यावारी नेला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पण एक गोष्ट या वर्णनांत सहज निसटते: बाई नाही म्हणू शकत होती, आणि म्हणतही होती. ती त्याला प्रश्न विचारायची. जमीन आहे का, कुठे, झोपडी आहे का, गाई किती. कातकामाची कोठडी, अनोळखी मालकाचं स्वयंपाकघर आणि अनोळखी नवरा अशा तीनच वाटा असताना तिसरीत निदान थोडी घासाघीस करता येत होती.

लग्नाने तिची सुटका पूर्ण होत नसे. शिक्षा चालू असलेल्या बाईचं मोकळ्या माणसाशी लग्न लागलं, की सरकारी कागदावर ती त्या नवऱ्याकडेच कामाला दिलेली कैदी ठरे. नवऱ्याने तक्रार केली तर मॅजिस्ट्रेट तिला परत फॅक्टरीत धाडू शकत होता, आणि अशी उदाहरणं आहेत. पण हीच व्यवस्था उलटीही चालायची. नवरा कैदी आणि मागाहून स्वखर्चाने किंवा सरकारी भाड्याने आलेली बायको मोकळी असेल, तर ती अर्ज करून स्वतःच्या नवऱ्याला स्वतःकडेच कामाला मागून घ्यायची. कायद्याने नवरा घरचा मालक, आणि दफ्तरात तोच बायकोच्या हाताखालचा कैदी!

आता धर्माचा भाग, कारण मार्सडनची यादी त्याशिवाय कळत नाही. आयरिश कैदी बहुतेक कॅथलिक. वसाहतीत सुरुवातीला अधिकृत कॅथलिक धर्मगुरू एकही नव्हता. १७९८ च्या उठावानंतर जे धर्मगुरू आले तेही कैदी म्हणूनच. त्यांतल्या फादर जेम्स डिक्सनना १८०३ मध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना करण्याची परवानगी मिळाली. पण पुढच्याच वर्षी मार्च १८०४ मध्ये कॅसल हिल इथे आयरिश कैद्यांनी उठाव केला, तो चिरडला गेला आणि ती परवानगीही गेली. फादर जॉन जोसेफ थेरी आणि फादर फिलिप कोनोली हे दोन अधिकृत धर्मगुरू यायला १८२० साल उजाडावं लागलं. तोवर कॅथलिक जोडप्यापुढे दोनच पर्याय होते. मार्सडनसारख्याच्या चर्चमध्ये जाऊन लग्न लावायचं, किंवा न लावता संसार करायचा. आयरिश कैद्यांना फटके मारायला लावणारा मॅजिस्ट्रेट म्हणून ज्याची ख्याती, त्याच्यासमोर उभं राहून शपथ घ्यायची अनेकांना इच्छा नव्हती, यात नवल ते काय? १८२० नंतरही गव्हर्नर मॅक्वारीने अट घातलीच: एक बाजू प्रोटेस्टंट असेल तर कॅथलिक धर्मगुरूने ते लग्न लावायचं नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र समुद्राच्या दोन बाजूंना असलेल्या जोडप्यांचा.

१८२० च्या दशकाच्या मध्यापासून कैदी उतरताना त्याची सविस्तर नोंद होऊ लागली. उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा, धर्म, लिहिता-वाचता येतं का, आणि लग्न झालंय का, मुलं किती. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याला त्या क्षणी कळत नसे की आपण पुढची वीस वर्षं ठरवतोय. ‘झालंय’ म्हटलं, तर पुढे कधी तरी बायको-मुलांना सरकारी खर्चाने बोलावून घेण्याचा अर्ज करता येईल. पण ती आली नाही तर इथे दुसरं लग्न बंद. ‘नाही’ म्हटलं तर इथे लग्नाला मोकळा. पण मागे राहिलेली बायको कागदावरून पुसली गेली, तिला बोलावणार कसं? पुढेपुढे अनुभवी कैद्यांकडून ही गोष्ट नव्या माणसांच्या कानावर जात असावी. त्यामुळे ‘अविवाहित’ अशी नोंद दिसली, की लगेच त्यावर भरवसा ठेवू नये.

कैद्यांमध्ये एक समज पक्का होता: सात वर्षं समुद्रापार राहिलं की पहिलं लग्न मोडतं. याला कायद्याचा अर्धवट आधार होता. द्विभार्या प्रतिबंधाच्या जुन्या इंग्रजी कायद्यात सात वर्षं समुद्रापार असलेल्या जोडीदाराबाबत सूट होती, म्हणजे दुसरं लग्न केलं तरी त्या गुन्ह्याची शिक्षा होत नसे. पण पहिलं लग्न त्याने संपत नव्हतं, आणि पहिला जोडीदार जिवंत असेल तर दुसरं लग्न कायद्याने पोकळच. कॅथलिक चर्चला तर हा हिशोबच मान्य नव्हता. सरकार मग पुरावा मागे: पहिली बायको वारल्याचं पत्र आणा. आणि पत्रं यायची. गावच्या धर्मगुरूची, भावाची, शेजाऱ्याची. त्यांतली किती खरी, किती सिडनीतच कुणाकडून तरी लिहून घेतलेली, याचा संशय अधिकाऱ्यांनाही होता.

गॉलवेच्या ह्यू लार्किनची गोष्ट यात बसवून पाहा. रिबनमेन या गुप्त शेतकरी संघटनेच्या कारवाईवरून त्याला जन्मठेप झाली आणि ‘पार्मेलिया’ जहाजाने तो १८३४ मध्ये सिडनीला पोचला. मागे बायको एस्थर आणि दोन लहान मुलगे. १८४० मध्ये एस्थरने डब्लिनच्या सरकारकडे अर्ज केला की मला आणि मुलांना त्याच्याकडे पाठवा. असे अर्ज बहुधा लिहिता येणाऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेले असत. भाषा दरबारी, ‘आपली अत्यंत नम्र अर्जदार’ वगैरे, आणि तिच्या आत उपासमार, भाडं थकलेलं, घरातून काढलं जाण्याची भीती. एस्थरची आणि मुलांची पाठवणी झाली नाही. तिकडे लिमरिकची मेरी शील्ड्स चोरीच्या शिक्षेवर १८३९ मध्ये ‘व्हिटबी’ जहाजाने आली, बरोबर लहान मुलगा. पुढे ह्यू आणि मेरीने गोलबर्नला लग्न केलं आणि त्यांचा वंश ऑस्ट्रेलियात वाढला. दोघांचीही पहिली लग्नं आयर्लंडमध्ये झालेली होती. ह्यूला फसवा म्हणायला माझी जीभ वळत नाही. परत जाण्याची वाट सरकारने बंद केलेली, बायकोला आणण्याची वाटही सरकारनेच बंद केलेली. त्यानंतर त्याने एकट्यानेच मरावं, अशी अपेक्षा कुणी करायची? पण एस्थरच्या बाजूने विचार केला की हे समर्थनही अपुरं पडतं.

ज्या बायकांना जायला मिळालं, त्या अनेकदा कैदी बायकांच्याच जहाजावरून गेल्या. प्रवास चार महिन्यांच्या आसपास. ‘नीव्हा’ हे जहाज जानेवारी १८३५ मध्ये कॉर्कहून दीडशे कैदी बायका, काही मोकळ्या बायका आणि बरीच मुलं घेऊन निघालं. मे महिन्यात ते बास सामुद्रधुनीत किंग बेटाजवळ खडकावर आपटलं. २३९ पैकी २२४ माणसं गेली. पुढे १८४० च्या दशकात कॅरोलाइन चिझम या बाईंनी लंडनमध्ये सरकारच्या मागे लागून मागे राहिलेल्या कैद्यांच्या बायका-मुलांना मोफत प्रवास मिळवून दिला. तोवर अनेक मुलं बापाला ओळखेनाशी झाली होती.

राजकीय कैद्यांचे संसार जास्त प्रसिद्ध आहेत, कारण ते लिहिते लोक होते. १८४८ च्या चळवळीतल्या पुढाऱ्यांना व्हॅन डीमेन्स लँडमध्ये म्हणजे आजच्या टास्मानियात ठेवलं होतं. जॉन मिचेलची बायको जेनी मुलांना घेऊन तिथे आली आणि बॉथवेलला त्यांनी घर केलं. विल्यम स्मिथ ओब्रायनची बायको लूसी आयर्लंडमध्येच राहिली. थॉमस फ्रान्सिस मेहरने १८५१ मध्ये कॅथरीन बेनेट या मुलीशी लग्न केलं. तिचा बाप लूटमारीच्या गुन्ह्यात आलेला कैदी. मेहरच्या सोबत्यांना हे लग्न पटलं नाही. बंडखोर आणि चोर यांच्यामधली ही भिंत कैद्यांनी स्वतःच उभारलेली होती, आणि मला ती सरकारी भिंतींइतकीच जड वाटते. १८५२ च्या जानेवारीत मेहर पळून गेला, गरोदर बायको मागे. त्यांचं बाळ काही महिन्यांतच वारलं आणि रिचमंडच्या चर्चजवळ पुरलं गेलं. कॅथरीन पुढे आयर्लंडला सासऱ्याकडे गेली आणि १८५४ मध्ये वॉटरफर्डला वारली.

याच गटातला केव्हिन इझॉड ओडोहर्टी वैद्यकीय शिक्षण घेत असताना पकडला गेला. त्याचं मेरी केली या कवयित्रीशी ठरलं होतं. ‘ईव्हा’ या नावाने ती लिहायची. गुन्हा कबूल केला तर सुटका होईल असं त्याला सुचवण्यात आलं. तिने सांगितलं, कबूल करू नकोस, मी थांबेन. ती थांबली. १८५५ मध्ये त्यांचं लग्न झालं. तो डॉक्टर झाला, दोघं पुढे ब्रिस्बेनला स्थायिक झाली आणि तो क्वीन्सलँडच्या कायदेमंडळात बसला.

सामान्यांतला एक संसार मात्र नको त्या कारणाने अजरामर झाला. टिपरेरीचा जॉन केली दोन डुकरं चोरल्याबद्दल सात वर्षांच्या शिक्षेवर व्हॅन डीमेन्स लँडला आला. १८४८ मध्ये शिक्षा संपली, तो मेलबर्नकडे गेला आणि १८५० मध्ये तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये एलन क्विनशी लग्न केलं. एलन स्थलांतरित मोकळ्या आयरिश कुटुंबातली. कैदी जावई तिच्या बापाला नको होता. मोकळा असल्यामुळे जॉनला कुणाची परवानगी लागली नाही, पण कैदी होता हा डाग समाजाच्या दफ्तरात राहिला. त्यांचा मुलगा नेड केली, ऑस्ट्रेलियाचा सर्वांत प्रसिद्ध दरोडेखोर. १८८० मध्ये त्याला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी दिलं.

आज लाखो ऑस्ट्रेलियन माणसं या कैद्यांचे वंशज आहेत आणि जे मूळ त्यांच्या आज्या-पणज्यांनी लपवलं, ते ही मंडळी हौसेने शोधतात. आयर्लंडच्या बाजूची कागदपत्रं अर्धवट आहेत. १९२२ मध्ये डब्लिनचं सरकारी अभिलेखागार जळालं आणि १८३६ च्या आधीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या त्यात गेल्या. डब्लिन कॅसलमध्ये ठेवलेले अर्ज आणि नंतरच्या वह्या आगीतून वाचल्या. १९८८ मध्ये आयर्लंडने त्यांच्या प्रती ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या. शोधताना नावावर भिस्त ठेवून चालत नाही. मेरी केली, जॉन रायन अशी माणसं शेकड्यांनी सापडतात, वयं अंदाजे सांगितलेली, स्पेलिंग कारकुनाच्या कानावर सोडलेलं. खात्रीची खूण एकच, जहाजाचं नाव. ते एकदा सापडलं की तिकीट, तुरुंग, लग्नाचा अर्ज आणि माफीपत्र एकाच माणसाशी जोडता येतात, कारण कारकून माणसाच्या नावापुढे तो आला त्या जहाजाचं नाव त्याची शिक्षा संपल्यावरही लिहीत राहिले.